मुरलेल्या टाकीत नवी वाळू

दिवे मंद झाले की हॅलिकोअरीस प्रजातीतला रॅस मासा वाळूत तोंड खुपसतो आणि दोन-तीन झटक्यांत अख्खा दिसेनासा होतो. रात्र तो वाळूखालीच काढतो. दिवसा घाबरला तरी त्याची पहिली धाव तिकडेच. असा मासा उघड्या काचेच्या तळाच्या टाकीत सोडला, तर तो सवयीने काचेवरच सूर मारतो आणि तोंड फोडून घेतो. मग वर्षानुवर्षं बिनवाळूची रीफ टाकी सांभाळणाऱ्यालाही वाळूचा विचार करावा लागतो. कुणाला नुसता पांढरा तळ हवा असतो. कुणाची जुनी वाळू दर वेळी पाणी बदलताना नळीतून थोडीथोडी निघून गेलेली असते. कारण कुठलंही असो, काम तेच: तीन-चार वर्षं चाललेल्या, प्रवाळांनी भरलेल्या टाकीत पंधरा-सोळा किलो वाळू उतरवायची.

रिकाम्या टाकीत हे काम पोरासोरांनाही जमतं. आधी वाळू, मग पाणी. गढूळलं तर चार दिवस थांबायचं. आत गैरसोय व्हायला कुणी नसतंच. मुरलेल्या टाकीत मात्र प्रत्येक काचेला, दगडाला आणि कोपऱ्याला कुणी ना कुणी चिकटलेलं असतं, आणि पाण्याचं रसायन महिनोन्‌महिने एका जागी स्थिरावलेलं असतं. या कामाविषयी हौशी मंडळींत दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, पिशवी फोडा आणि ओता, काही होत नाही. काही जण म्हणतात, चालू टाकीत वाळू घालणं म्हणजे टाकी बुडवणं. मला दोन्ही पटत नाहीत. वाळू स्वतः निरुपद्रवी आहे. तिच्याबरोबर काय येतं आणि ती कशावर पडते, ही दोन उत्तरं हातात असली की उरतो तो फक्त हातकामाचा भाग.

मुळात बिनवाळूच्या टाक्या आल्या कुठून? प्रवाळ घरात जगवण्याच्या खटपटीत वाळूचं पारडं सतत वरखाली होत आलं आहे. 1961 मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन इंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालवण्याची पद्धत जगापुढे मांडली. पुढे बर्लिनच्या हौशींनी जिवंत दगडाला प्रोटीन स्किमरची जोड दिली आणि तळाला फारसं महत्त्व दिलं नाही. याउलट मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूलाच गाळणी बनवलं: तळाशी जाळी, जाळीखाली स्थिर पाण्याची पोकळी आणि वर प्रवाळवाळूचा जाड थर. 1989 मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रॉन शिमेक यांनी दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीच्या, किडामुंग्यांनी गजबजलेल्या वाळूथराचा जोरदार पुरस्कार केला. काही वर्षांनी त्याच थरांत साचलेल्या घाणीला कंटाळून अनेकांनी वाळू उपसून टाकली आणि काच उघडी पाडली. आज बहुतेक टाक्यांत दोन ते पाच सेंटिमीटरचा मधला मार्ग दिसतो.

रीफ टाकीतली वाळू म्हणजे अॅरागोनाइट, कॅल्शियम कार्बोनेटचाच एक स्फटिक प्रकार. प्रवाळांचा सांगाडा याचाच बनलेला असतो. नदीच्या वाळूसारखी ती डोंगर झिजून तयार होत नाही, बरीचशी सजीवांच्या अंगातून येते. मालदीवमधल्या वक्करू बेटाभोवतीच्या प्रवाळखडकांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमासे तयार करतात, असं त्यात आढळलं. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडतात, घशातल्या दातांनी दळतात आणि मागून पांढरी वाळू सोडत जातात. हनिमूनच्या फोटोंत दिसणारा तो शुभ्र किनारा म्हणजे बव्हंशी माशांची विष्ठा, हे पर्यटन कंपन्या का छापत नाहीत हे समजण्यासारखं आहे.

दुसरी प्रसिद्ध वाळू बहामाची. तिथल्या उथळ, उबदार पाण्यात बारीक कणाभोवती कार्बोनेटचे थरावर थर बसत जातात, लाटांबरोबर तो कण लोळत राहतो आणि गुळगुळीत गोल मणी तयार होतो. हे मणी दोन मिलिमीटरपेक्षा लहान असतात. बाजारात ऊलाइट नावाने मिळणारी मऊ, साखरेहून बारीक वाळू ती हीच. याच बहामाच्या उथळ समुद्रात अधूनमधून दुधासारखे पांढरे पट्टे उमटतात. ते उपग्रहातूनही दिसतात. बारीक कार्बोनेटचा गाळ पाण्यात तरंगत असतो. तो तळातून उठतो की पाण्यातच तयार होतो, यावर भूशास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. टाकीत वाळू ओतल्यावर जे दिसतं, ते याचंच छोटं रूप.

वाळूच्या प्रत्येक पिशवीत दाण्यांबरोबर त्यांचं पीठही असतं, कारण वाहतुकीत दाणे एकमेकांवर घासत राहतात. एक मिलिमीटरचा दाणा पाण्यात सोडला तर पाच-सहा सेकंदांत अर्धा मीटर खाली जातो. त्याच कार्बोनेटचा 10 मायक्रॉनचा कण घ्या. पाणी अगदी स्थिर असलं तरी तेवढंच अंतर उतरायला त्याला सुमारे दीड तास लागतो. 2 मायक्रॉनच्या कणाला दीड दिवस. इतक्या बारीक कणाचा व्यास निम्मा झाला की उतरण्याचा वेग चौथाईवर येतो, म्हणून हा फरक इतका प्रचंड आहे. शिवाय रीफ टाकीत पाणी स्थिर कधीच नसतं. वेव्हमेकर चालू असला की हे पीठ खाली बसतच नाही. फिल्टर सॉकची जाळी साधारण 100 ते 200 मायक्रॉनची, तिच्यातून ते आरामात निसटतं. टाकी शेवटी निवळते ती जिवाणूंमुळे: कणांवर चिकट थर चढतो, कण एकमेकांना धरतात, मोठे होतात आणि मग बसतात किंवा गाळणीत अडकतात. याला एक-दोन दिवस लागले तर घाबरून जायचं कारण नाही.

पिठाचा त्रास विषाचा नाही, कष्टाचा आहे. माशांच्या कल्ल्यांत ते अडकतं. प्रवाळ ते चिकट स्राव आणि बारीक केसांच्या हालचालीने झटकतात, आणि त्यात त्यांची ऊर्जा जाते. फंगियासारखे वाळूवरच राहणारे प्रवाळ अंग फुगवून वाळूतून वर येऊ शकतात. फांद्यांचं अॅक्रोपोरा उभं असल्यामुळे त्यावर कमी साचतं, पण सहनशक्तीही कमी. पसरट, वाटीसारख्या माँटिपोराच्या खोलगटात गाळ बसला की खालचं मांस दोन दिवसांत पांढरं पडतं. पॅलिथोआ मात्र वाळूचे दाणे चक्क आपल्या अंगात रुतवून घेतो, त्याला वाळूशिवाय करमतच नाही म्हणा ना.

म्हणून पहिलं काम धुणं. बादलीत चार-पाच किलो वाळू घ्यायची, पाण्याच्या जोरदार धारेखाली हाताने खालून वर ढवळायची, दुधाळ पाणी ओतून द्यायचं. पाणी ताकासारखं दिसायचं थांबून पातळ धुक्यासारखं होईपर्यंत हे चालू ठेवायचं. अगदी काचेसारखं पाणी मिळणार नाही. तो हट्ट धरलात तर वाळूबरोबर संध्याकाळही वाहून जाईल. नळाच्या पाण्याने धुतलंत तर शेवटचे दोन हात आरओच्या पाण्याने द्यावेत, म्हणजे क्लोरीन आणि नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहत नाहीत. पिशवीवर ‘लाइव्ह’ लिहिलेल्या ओल्या वाळूला लोक धुवत नाहीत, जिवाणू जातील म्हणून. चालू टाकीत या जिवाणूंचं मोल मला फारसं वाटत नाही. दगडांवर त्यांचे भाईबंद कोट्यवधींच्या संख्येने आधीच बसलेले असतात. उलट महिनोन्‌महिने बंद पिशवीत राहिलेल्या ओल्या वाळूत काहीतरी मेलेलं असण्याची शक्यता असते. अशी वाळू आधी एक दिवस मिठाच्या पाण्यात, पंप लावून, बादलीत ठेवावी आणि अॅमोनिया तपासावा. खुणेची पट्टी हिरवी झाली तर बादलीतच होऊ द्या.

आता आपल्याकडचा प्रश्न. कोकणात जाणारा प्रत्येक हौशी एकदा तरी विचारतो, तारकर्लीची पांढरी वाळू चालेल का? त्यात शिंपल्यांचे तुकडे भरपूर असतात हे खरं, पण दाण्यांत बाकी खनिजंही असतात. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरची काळी झाक इल्मेनाइट या लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाची असते. वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले की उत्तर मिळतं: फसफसून विरली तर कार्बोनेट, तशीच राहिली तर नाही. सिलिकाच्या वाळूमुळे तपकिरी डायटम पसरतात अशी समजूत आहे. क्वार्ट्झ इतका सावकाश विरघळतो की त्याला फार दोष देता येत नाही. तो पीएच सांभाळायलाही मदत करत नाही, एवढंच. खरी अडचण कायद्याची. किनाऱ्याची वाळू उपसण्यावर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची, बंदी आहे, आणि प्रवाळखडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्येच आले आहेत. लक्षद्वीपहून येताना बॅगेत टाकलेले मूठभर प्रवाळाचे तुकडे विमानतळावर अडचणीत आणू शकतात. मालवणच्या सागरी अभयारण्यातून काही उचलण्याचा तर प्रश्नच नाही. दुकानातून पक्की पावती असलेली, कोरडी, चाळलेली अॅरागोनाइट वाळू घ्यावी.

दाण्याचा आकार निवडताना टाकीचा प्रवाह आधी बघायचा. जोरदार वेव्हमेकरपुढे अर्ध्या मिलिमीटरची वाळू टेकड्या करते, कोपरे उघडे पाडते आणि प्रवाळांवर येऊन पडते. एक ते दोन मिलिमीटरची वाळू जागा धरते. वाळूत झोपणाऱ्या रॅसला बारीक दाणा आणि निदान पाच सेंटिमीटर खोली हवी. दोन्ही हवं असेल तर प्रवाहाचं तोंड वळवावं लागतं, दाणा फार जाड करून चालत नाही. वजनाचा हिशोब सोपा आहे. 90 बाय 45 सेंटिमीटरच्या तळाला तीन सेंटिमीटर थर म्हणजे बारा लिटरहून थोडी जास्त वाळू, म्हणजे सुमारे 15 ते 18 किलो. दाण्यांमधल्या फटींत पाणी राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण सहा लिटर पाणी हटतं. सम्प, म्हणजे खाली जोडलेली दुसरी टाकी, असलेल्या टाकीत वरची पातळी बदलत नाही, ते सहा लिटर खाली सम्पमध्ये उतरतं. सम्प आधीच काठोकाठ असेल आणि त्यातच वीज गेली, तर वाळूपेक्षा फरशी जास्त लक्षात राहील. वाळू घालण्याच्या दिवशीच पाणी बदलायचं ठेवावं, म्हणजे हा हिशोब आपोआप जमतो.

आतापर्यंतचं सगळं उघड्या काचेच्या टाकीला पुरेसं आहे. खरी काळजी तिथे घ्यायची, जिथे खाली जुनी वाळू आहे आणि तिच्यावर नवी घालायची आहे.

जुना वाळूथर बाजूच्या काचेतून बघा. वरचा काही मिलिमीटरचा पट्टा फिकट असतो. त्यात ऑक्सिजन पोचतो आणि तिथले जिवाणू अॅमोनियाचं नायट्रेट करतात. त्याखाली ऑक्सिजन संपतो आणि दुसरे जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतात. म्हणून कधीकधी काचेलगत बारीक बुडबुडे दिसतात. जाड थरात आणखी खाली सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. त्यांचा हायड्रोजन सल्फाइड लोहाशी मिळून काळा पट्टा उमटवतो, आणि थर ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो. या सगळ्या मजल्यांवर किडे, अॅम्फिपॉड, गोगलगाई आपापल्या उंचीवर राहतात. आता यावर एकदम तीन सेंटिमीटर नवी वाळू टाकली तर काय होईल? ऑक्सिजनची सीमा तीन सेंटिमीटर वर सरकते. काल ज्या पट्ट्यात श्वास घेता येत होता तो आज कोंडलेला आहे. जे चपळ असतात ते वर येतात, उरलेले तिथेच मरतात, आणि त्यांच्याबरोबर वर साचलेली घाणही गाडली जाते. ती कुजायला लागली की अॅमोनिया येतो. रीफ टाकीत अॅमोनिया जास्त जाचतो, कारण पीएच 8.2 च्या आसपास असताना त्याचा घातक, आयन नसलेल्या रूपातला वाटा पीएच 7 च्या गोड्या पाण्यापेक्षा दहापट आणि त्याहूनही जास्त असतो.

म्हणून जुन्या थरावर नवी वाळू घालताना माझा आग्रह दोन गोष्टींचा असतो. पहिली, आधी घाण काढायची. पाणी बदलताना अर्ध्या इंची नळीने तळाच्या एका चौथ्या भागातली जुनी वाळू वरवर न ढवळता थेट ओढून काढायची, आणि पुढचा भाग दोन-तीन आठवड्यांनी. काळा पट्टा असेल तर त्याला फावडं लावायचं नाही. नळीचं तोंड सरळ त्यात रोवायचं, म्हणजे तिथलं पाणी टाकीत न मिसळता बादलीत जातं. दुसरी, नवी वाळू एकेका भागात, एका वेळी सेंटिमीटरभर. एक सेंटिमीटरातून किडे वर येतात. तीनातून यायला त्यांना जमेलच असं नाही. ज्याला तीन-चार महिन्यांचा धीर नाही, त्याने जुनी वाळू तशीच राहू द्यावी, टाकीला ते चालतं.

नव्या वाळूचे रासायनिक डाव दोन आहेत. कोरा, स्वच्छ कार्बोनेटचा पृष्ठभाग फॉस्फेट ओढून घेतो. ज्याच्या टाकीत फॉस्फेट जास्त आहे त्याला हे फुकटचं औषध. ज्याच्या टाकीत ते आधीच 0.03 पीपीएमच्या आसपास आहे, तिथे ते शून्यावर जाऊ शकतं. अशा उपाशी पाण्यात तपकिरी, बुडबुडे धरणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटची साय वाळूवर पसरते, आणि ती हटवणं वाळू घालण्यापेक्षा कितीतरी अवघड. दुसरा डाव अल्कलिनिटीचा. रीफ टाकीचं पाणी कार्बोनेटने अतिसंपृक्त असतं. कोऱ्या अॅरागोनाइटला पाहून त्यातला काही कार्बोनेट दाण्यांवर बसतो आणि अल्कलिनिटी थोडी घसरते. मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि सेंद्रिय थर दाण्यांना वेढून टाकेपर्यंत हे चालतं. अॅक्रोपोरा पाळणाऱ्यांनी पहिले तीन-चार दिवस रोज अल्कलिनिटी (केएच) मोजावी. दुसऱ्याच्या टाकीतली जुनी वाळू आणली तर गणित उलटं होतं. ती वर्षानुवर्षं साठलेलं फॉस्फेट परत सोडते. मित्राने प्रेमाने दिलेली असली, तरी नको म्हणा.

आता प्रत्यक्ष उतरवणं. दोन इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, टाकीच्या उंचीपेक्षा हातभर लांब. वेव्हमेकर आणि रिटर्न पंप बंद करायचे. हवेचा दगड मात्र चालू ठेवायचा, नाहीतर तासाभरात ऑक्सिजनची ओढाताण सुरू होते. धुतलेली वाळू ओली हवी. कोरड्या दाण्यांना हवा चिकटते आणि ते पृष्ठभागावर तरंगत बसतात. पाइपचं खालचं टोक तळापासून बोटभर वर धरायचं, वरून वाटीवाटीने वाळू सोडायची आणि टोक हळूहळू सरकवत न्यायचं. दाणे पाइपमध्येच खाली उतरतात, पीठही बरंचसं पाइपमध्येच कोंडलेलं राहतं. मग एक छोटी युक्ती: पाइप उचलण्याआधी त्याचं वरचं तोंड तळहाताने घट्ट दाबायचं. आतलं दुधाळ पाणी तसंच अडकून वर येतं. खालचं तोंड पाण्याबाहेर येण्याआधी दुसऱ्या तळहाताने झाकायचं आणि ते पाणी टाकीबाहेर धरलेल्या बादलीत सोडायचं. ही एक कृती अर्धं धुकं वाचवते. दगडांखाली वाळू कोंबायच्या फंदात पडू नये. दगड काचेवर टेकलेले असले तरच ते सुरक्षित, कारण उद्या एखादा गोबी मासा खणायला लागला की वाळूवर उभा असलेला दगड ढासळतो.

पाइप बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग रिटर्न पंप, मग वेव्हमेकर सर्वांत कमी वेगावर आणि तोंड पृष्ठभागाकडे. प्रवाळ त्या संध्याकाळी मिटून राहतील, चिकट धागे सोडतील. ते अपेक्षितच आहे. मोठ्या पिपेटने माँटिपोराच्या खोलगटातला आणि मऊ प्रवाळांवरचा गाळ हलक्या झोताने उडवायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. सॉक दर काही तासांनी बदलायचा. स्किमर पहिल्या रात्री वेड्यासारखा फेस करू शकतो, कप जरा वर करून ठेवावा. मासे तोंड वर काढून धापा टाकत असतील तर गाळाच्या नव्हे, ऑक्सिजनच्या मागे लागा: पृष्ठभाग जास्त हलवा, हवा वाढवा.

अॅमोनियाची तपासणी दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी पुरेशी आहे. उघड्या काचेवर धुतलेली कोरडी वाळू घातली असेल तर बहुधा काही दिसणारच नाही. महिन्याभरात नव्या वाळूवर तपकिरी डायटमचा हलका थर येतो आणि जातो. त्यावर औषधं ओतण्याची गरज नाही. नासारियस गोगलगाई असतील तर त्या वाळू हलती ठेवतात: दिवसभर वाळूत गाडून घेतात, फक्त सोंडेसारखी नळी बाहेर, आणि खाद्याचा वास आला की सगळ्या एकदम वर. वाळू चाळणारे व्हॅलेन्सिएनिया गोबी मात्र कोवळ्या वाळूत लगेच सोडू नयेत. त्यांचं पोट वाळूतल्या बारीक जिवांवर भरतं, आणि नव्या वाळूत ते जीव येऊन स्थिरावायला काही महिने लागतात. पुढच्या प्रत्येक पाणीबदलाला नळी वाळूच्या वरवर फिरवावी. खोल रोवायची तर एका वेळी एकाच कोपऱ्यात, बाकीच्या तीन कोपऱ्यांना हात न लावता.